पाळणाघराविरुद्ध निनावी अर्ज

१ जानेवारी १९७३, सोमवार

कारखान्याने यंदाही सभासदांना डायरी दिली. शेतात ऊस नाही, विहिरीत पाणी नाही, डायरी मात्र वेळेवर आली. ह्यांना सरपंच असूनही सहीपलीकडे लिहायचा कंटाळा, म्हणून मी ठेवून घेतली. मी सातवी पास आहे. गावात माझ्या वयाची दुसरी सातवी पास बाई नाही, हे मी फुशारकीने सांगत नाही, आहे ते आहे.

डायरी लिहायला कारणही आहे. नगरहून समाजकल्याण अधिकाऱ्यांचं पत्र आलंय. दुष्काळी कामातून आमच्या शिवारात जो पाझर तलाव चाललाय, तिथे मजूर बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघर काढायचं आहे आणि ते गावच्या महिला मंडळाने चालवायचं आहे. महिला मंडळ म्हणजे मी. सात वर्षं झाली अध्यक्ष होऊन. अकरा सभासद आहेत, सगळ्या चांगल्या घरच्या. चैत्रातलं आणि संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही कधी चुकवलं नाही. मंडळाचं शिवणयंत्रही आहे. ते माझ्याकडेच असतं, कारण ठेवायला जागा दुसरीकडे नाही.

४ जानेवारी, गुरुवार

ह्यांनी पत्र नीट वाचून दाखवलं. खाली एक मेख आहे. "सर्व समाजांतील स्त्रियांना सामावून न घेणाऱ्या मंडळाची मान्यता पुढे चालू राहणार नाही." फेब्रुवारीत अधिकारीबाई स्वतः येऊन बघणार. म्हणजे त्यांच्या मनास आलं नाही तर सात वर्षांचं माझं मंडळ एका कागदाने जाणार.

सामावून घ्यायला मी कधी नाही म्हटलंय? मी कोणाला वाईट बोलत नाही. लांबून बोलते, पण गोड बोलते.

तलावाच्या कामावरच्या ओव्हरसियरने परस्पर एक मदतनीस नेमून टाकली आहे. छबूबाई. राजवाड्यातली, म्हणजे वेशीबाहेरच्या बौद्ध वस्तीतली. नवरा वारल्यावर नगरला दवाखान्यात आया म्हणून होती, दुष्काळात परत आली. ओव्हरसियर म्हणाला, "तिला लहान लेकरांची सवय आहे." मला दोन मुलगे झाले, दोघेही नगरला बोर्डिंगात शिकतात, मला काय मांजरांची सवय आहे?

८ जानेवारी, सोमवार

पाळणाघर सुरू झालं. नारळ मी फोडला.

तलावाच्या भरावाखाली पाच झाडं आहेत. एक मोठा निंब, दोन बाभळी, एक बोर आणि एक हिवर. मी रात्रीच कागदावर आखणी केली होती. निंब आमच्या आळीच्या लेकरांना, कारण तो रस्त्याजवळ आहे आणि माझी खुर्ची तिथेच पडणार. एक बाभळ राजवाड्याला, दुसरी तांबोळ्यांच्या दोन घरांना, हिवर धनगरवाड्याला. पाथर्डीकडून जे वंजारी आलेत त्यांना बोर. दरवर्षी ते ऊस तोडायला जातात, यंदा तोडायला ऊसच नाही म्हणून तलावावर आले आणि तिथेच कोपी घालून राहिले. ज्याची झोळी त्याच्या झाडाला. भांडण नको, तंटा नको, कोणावर अन्याय नको. रजिस्टरात पाच रकाने पाडले.

पहिल्या दिवशी चौदा लेकरं आली. बाकीच्या बायकांनी आपापली पोरं पाठीशी बांधून नाहीतर चारीच्या कडेला दगडाच्या आडोशाने निजवून माती वाहिली. अडाणीपणा. दुसरं काय?

छबूबाईने दिवसभर सांगितलं तेवढं केलं.

११ जानेवारी, गुरुवार

अंगाचा तिळपापड झालाय. दुपारी जेवायला घरी आले. जरा पाठ टेकली. तीन वाजता परत जाऊन बघते तर सगळ्या झोळ्या निंबाखाली. आमच्या आळीतल्या गोजरबाईच्या नातवाची झोळी आणि तिच्या शेजारी वंजाऱ्यांचं पोर, त्याच्या शेजारी तांबोळ्याची मुलगी. बोराला एक चिंधीसुद्धा लटकत नव्हती.

मी विचारलं, "हे कोणी केलं?"

छबूबाई म्हणाली, "सावली सरकली, बाई. बाभळीखालची लेकरं उन्हात आली. मंग मीबी सरकवली."

"आणि उद्या?"

"उद्याबी सरकंल की सावली."

उलट उत्तर नाही दिलं, आवाजही चढवला नाही, त्यामुळे मला काही बोलता येईना. मी तिला सगळ्या झोळ्या जागच्या जागी बांधायला लावल्या. तिने निमूट बांधल्या.

१२ जानेवारी, शुक्रवार

आज मी जेवायला घरी गेले नाही. मुद्दाम खुर्ची टाकून बसले. दुपारी बारा वाजता बोराखालचं पोर उन्हाने लाल होऊन रडायला लागलं. छबूबाईने माझ्याकडे बघितलं आणि जागची हलली नाही. आज्ञा माझी होती ना. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. शेवटी गोजरबाईच उठली, तिने झोळी सोडली आणि निंबाला आणून बांधली. गोजरबाई माझ्या मंडळाची उपाध्यक्ष आहे. असं वागायचं तिला सुचलं कसं?

मी रजिस्टर मिटलं. डोकं दुखत होतं.

१७ जानेवारी, बुधवार

चौदाची एकेचाळीस लेकरं झाली. ओव्हरसियर खूश. "मालनबाई, तुमचं पाळणाघर जोरात आहे," म्हणाला. माझं कसलं? बाया येतात आणि विचारतात, "छबूबाई कुटं हाय?" माझी खुर्ची त्यांना दिसत नाही, खुर्चीतली मीही नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही.

तिला प्रत्येक लेकराचं रडणं ओळखू येतं म्हणे. पाठमोरी बसलेली असली तरी. "ह्ये भुकेचं न्हाई, ह्ये झोपेचं हाय," असं सांगते आणि खरंच तसं निघतं. पाजायला बाया येतात त्या दहा मिनिटांऐवजी अर्धा तास बसतात. हसतात. वंजारणी, धनगरणी, आमच्या आळीतल्या, सगळ्या एकत्र. काय हसतात ते मी लांब असल्याने ऐकू येत नाही.

वर काय करते, तर माझ्या अंगावर कामं ढकलते. लंकाबाई म्हणून एक वंजारीण आहे. तिला दिराला पत्र पाठवायचं होतं. छबूबाईने तिला माझ्याकडे पिटाळली. "बाईंकडं जा, त्यांचं अक्षार लई ग्वाड हाय." मग काय, दुसरी आली, तिसरी आली. आज नऊ पत्रं लिहिली. हात भरून आला. मी काय पोस्टातली लेखनिक आहे?

लंकाबाईला उत्तर आलं की तेही मीच वाचायचं, असं ती सांगून गेली. जाताना माझ्या पाया पडली. असो.

१९ जानेवारी, शुक्रवार

डोक्यात एक चांगला विचार आला आहे. रविवारी कामाला सुट्टी असते. त्या दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं, आणि यंदा फक्त आमच्या आळीचं नाही. सर्व सुवासिनींना बोलावणं करायचं, जातपात न बघता. अंगणात बसवायचं. अधिकारीबाईंच्या कानावर गेलं पाहिजे की निंबेगावच्या मंडळाने अख्ख्या तलावावरच्या बायकांना वाण लुटलं.

छबूबाई मात्र येऊ शकणार नाही. ती विधवा आहे. ह्यात जातीचा काही संबंध नाही. रीतच तशी आहे, मी थोडीच केली? तिला वगळून सगळ्या माझ्या अंगणात येतील, मग कळेल कोणाचं मंडळ आहे ते.

आक्कांना म्हणाले, रविवारी तुम्ही मागच्या खोलीत तिळगुळाचं बघा. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वीस वर्षांपूर्वी कपाळ पुसलं तेव्हापासून माहेरीच, आमच्याकडे आहेत. त्या काही बोलत नाहीत. कधीच बोलत नाहीत. दरवर्षी तिळगूळ मात्र त्यांच्याच हातचा चांगला होतो.

२१ जानेवारी, रविवार

अंगण सारवून घेतलं. सत्तर वाणं मांडली. पाण्याच्या टंचाईतही सडा घातला.

बाया आल्या. नाही कशाला म्हणू? बऱ्याच आल्या. पण कशा आल्या? कुंकू लावून घेतलं, वाण पदरात घातलं आणि उठल्या. उखाणा कोणी घेईना. मी म्हटलं, "अगं बसा की, सुट्टीच आहे आज." गोजरबाई म्हणाली, "बसलो असतो वैनी, पर तिकडं गोधड्या घातल्यात."

तिकडं म्हणजे पाळणाघरात. छबूबाईने म्हणे झोळ्यांसाठी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला काढल्या. बोलावणं नाही, आमंत्रण नाही. ज्या बायकांना आज हळदीकुंकवाला जाता येत नव्हतं त्या सगळ्या तिथे जमल्या आणि मग माझ्याकडून उठलेल्याही तिथेच गेल्या. मला मुद्दाम केल्यासारखं वाटतं. गोजरबाई म्हणते, तिने मुद्दाम काही केलं नाही, ती फक्त सुई-दोरा घेऊन बसली होती.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. मागच्या खोलीत गेले तर तिळगुळाचं ताट झाकलेलं आणि आक्का नाहीत. परसदारचं दार उघडं. सहा वाजता परत आल्या. बोटाला सुई टोचलेली. कोणाशी तरी बोलत आल्याचं हसू तोंडावर तसंच राहिलेलं. वीस वर्षांत ह्या घरात मी आक्कांना तीळभर हसताना बघितलं नाही. एक दिवस त्या बाईजवळ बसल्या आणि हसत आल्या!

मी विचारलं, "काय एवढं हसण्यासारखं झालं?"

म्हणाल्या, "काय न्हाई गं. छबू म्हनली, आक्का, तुमचा टाका लई बारीक. मला कुनी असं म्हनलंच न्हवतं."

मी नाही म्हटलं कधी? तिळगूळ चांगला होतो असं दरवर्षी मनात म्हणते.

चौतीस वाणं उरली.

२९ जानेवारी, सोमवार

आठ दिवस लिहिलं नाही. आक्का आता रोज जातात. घरात मी एकटीच असते. तलावावरही एकटीच असते, पण तिथे निदान खुर्ची आहे.

आज जे डोळ्यांनी बघितलं ते लिहून ठेवलं पाहिजे. लंकाबाईला तापाने घेरलंय, अंगावरचं दूध आटलं. तिचं तीन महिन्यांचं पोर सकाळपासून टाहो फोडत होतं. सरकारकडून लेकरांसाठी येते ती सुकडी एवढंसं पोर खाणार कसं? गोजरबाईची सून राहीबाई आपल्या मुलाला पाजून उठत होती. छबूबाईने ते पोर तिच्यासमोर नुसतं धरलं. राहीबाईने सासूकडे बघितलं. गोजरबाई दुसरीकडे बघत म्हणाली, "बघतीस काय? घे की पदराखाली."

आणि तिने घेतलं! वंजाऱ्याचं पोर, मराठ्याच्या सुनेच्या अंगावर! छबूबाईने राहीबाईच्या पाठीला टेकू म्हणून गोधडीची वळकटी लावली. पोर गप्प झालं. सगळ्या जणी इतक्या गप्प झाल्या की त्याचं चुटूचुटू पिणं माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं.

मला रडू आलं. का ते माहीत नाही. रागानेच असणार.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांच्यापुढे विषय काढला. म्हटलं, सरपंच आहात, लक्ष घाला. हे म्हणाले, "लेकरं रडत न्हाईत, बाया कामावर हायत, वरून शाबासकी येती. मी कशात लक्ष घालू?" पुरुषांना काही कळत नाही.

मग मीच लक्ष घातलं. समाजकल्याण अधिकाऱ्यांना सविस्तर अर्ज लिहिला. खोटं एक अक्षर नाही, जे घडतं तेच. नाव घातलं नाही, कारण नाव घातलं की हेव्याने लिहिलं असं म्हणायला लोक मोकळे. खाली "गावातील एक हितचिंतक" असं घातलं. मला हेवा नाही. माझ्या हाताने उभं केलेलं मंडळ दुसरीच्या पदरात पडताना बघायचं आणि गप्प बसायचं, एवढी मी संत नाही इतकंच.

सोनईच्या बाजाराला गेले तेव्हा तिथल्या पेटीत टाकला. आमच्या पोस्टमनला माझं अक्षर ओळखू येतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

लंकाबाईच्या दिराचं उत्तर आलं. वाचून दाखवलं. तिचा ताप उतरलाय. तिने मला बोरं आणून दिली, पदरात बांधून. म्हणाली, "बाई, तुमी नसत्या तर माजं मानूस मला घावलंच नसतं." नवरा साताऱ्याकडे कामाला गेलेला, दोन महिने पत्ता नव्हता, तो दिराने कळवला.

बोरं गोड होती. पण मला बरं वाटलं नाही. पेटीत टाकलेलं पत्र परत काढता येतं का, हे कोणाला विचारावं?

१२ फेब्रुवारी, सोमवार

हे आज लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

अधिकारीबाई अकरा वाजता जीपमधून आल्या. सुती पातळ, मनगटात घड्याळ, बोलणं तडक. पाळणाघरात फिरल्या, झोळ्या बघितल्या, रजिस्टर बघितलं. पाच रकाने बघून म्हणाल्या, "हे काय?" मी म्हटलं, "व्यवस्था." त्यांनी पान उलटलं. पुढे रकाने भरलेच नव्हते. कोणतं पोर कोणत्या झाडाचं हे जानेवारीनंतर मलाच सांगता येत नव्हतं.

मग त्यांनी सगळ्या बायकांना बोलावलं. शंभराच्या घरात असतील. पाट्या-कुदळी टाकून आल्या, मातीने भरलेल्या, आणि निंबाखाली बसल्या. अधिकारीबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं. मी लांबूनच ओळखलं.

"ह्या पाळणाघराबद्दल एक निनावी तक्रार आली आहे," त्या म्हणाल्या. "छबूबाई कोण? तुझ्याविरुद्ध आहे. तू वाच, आणि सर्वांसमोर उत्तर दे."

छबूबाई उभी राहिली. म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, बाईसायब." मग म्हणाली, "आमच्या मालनबाई वाचतील. त्यांचं वाचनं सगळ्यांना समजतं."

कागद माझ्या हातात आला. माझाच कागद. माझीच शाई. मी तो दोन्ही हातांनी धरला.

वाचलं. काय करणार? पहिलं कलम वाचलं, "सदर बाई सर्व जातींच्या मुलांच्या झोळ्या एकाच झाडाच्या सावलीत बांधते." कोणीतरी म्हणालं, "व्हय, बांधती." दुसरं वाचलं, "सरकारी सुकडी एकाच पातेल्यातून, त्याच थाळ्यांत सर्वांना वाढते." "वाढती की. कुनाला कमी न्हाई, कुनाला जास्त न्हाई." तिसरं वाचलं, "एका समाजाच्या आईने दुसऱ्या समाजाचे मूल अंगावर पाजले असता सदर बाईने तिला अटकाव न करता उलट पाठीस टेकू दिला." सगळ्या राहीबाईकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता ती लाजेल, नाकबूल होईल. ती उठून उभी राहिली. "म्या पाजलं," म्हणाली. तिच्या शेजारी लंकाबाई पोर घेऊन उठली आणि म्हणाली, "ह्येच त्ये लेकरू हाये, बगा." अधिकारीबाई बघतच राहिल्या.

चौथं होतं विधवांचं. "ज्यांचा पाळणाघराशी काही संबंध नाही अशा विधवा व निपुत्रिक बायकांना जमवून तेथे गोधड्या शिवल्या जातात व हसणे-खिदळणे चालते." मागून आक्कांचा आवाज आला, "त्यात म्या हाय." सरपंचांची बहीण, चारचौघींत, मोठ्याने!

शेवटचं कलम राहिलं होतं. ते लिहिताना मला फार मुद्देसूद वाटलं होतं. वाचलं, "या सर्वामुळे गावातील बायका सदर बाईशिवाय अन्य कोणास विचारीत नाहीत."

अधिकारीबाईंनी विचारलं, "ही तक्रार आहे?"

मग त्याच म्हणाल्या, "सरकारने पत्रात जे मागितलं होतं, ते एवढ्या तपशिलात मला आजवर कोणत्याच गावाने लिहून पाठवलं नाही. हा अर्ज मी अहवालाला जोडते." आणि माझ्या हातातून कागद घेऊन त्यांनी पिशवीत ठेवला.

पुढचं थोडक्यात लिहिते. मंडळ नव्याने बांधायचं, सगळ्या वस्त्यांचं, असं ठरलं. अध्यक्ष कोण? हात वर करा. छबूबाईसाठी हात वर झाले. माझ्या अकरांपैकी दहांचे. गोजरबाईच्या मांडीवर नातू होता, तिने दुसरा हात केला. आक्कांनी केला. मी वर केला नाही. मी पदर सारखा करत होते.

छबूबाई म्हणाली, "मला लिवायला येत न्हाई. चिटनीस मालनबाई असतील तर बसन, न्हाईतर न्हाई."

दया! माझ्यावर! मी म्हटलं, "विचार करून सांगते," आणि घरी आले.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस झाले. घराबाहेर पडले नाही. कोणी विचारायलाही आलं नाही. गोजरबाई नाही, कोणी नाही. खुर्ची अजून निंबाखालीच आहे. आक्का म्हणाल्या, तिच्यावर सुकडीचं पातेलं ठेवतात.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुपारी छबूबाई आली.

राजवाड्यातलं माणूस आमच्याकडे आलं की अंगणात, पायरीच्या खाली उभं राहतं. तशी ती उभी राहिली. "बाई हायती का?" मी ओट्यावर आले. उन्हाचा तडाखा होता. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता. काखेत कागद होते.

"सोमवारच्या आत सभासदांची यादी नगरला गेली पायजे," ती म्हणाली. "न्हाईतर मान्यता जाती. सत्त्याऐंशी बायका हायत. ल्याहायला कोन न्हाई."

मला यादीचं काही ऐकू येईना. तीन दिवस जे पोटात होतं ते तोंडातून निघालं. "तुला ठाऊक होतं ना, अर्ज कोणाचा ते?"

"व्हय. समद्यांनाच हुतं. आपल्या गावात बायामानसांत दुसरं कोन लिवतं?"

"मग मलाच वाचायला का लावलंस? चारचौघींत माझी मान खाली घालायची होती?"

ती दचकलीच. म्हणाली, "न्हाई बाई, तसं न्हवं. पाकीट निगालं तवा समद्या तुमच्याकडं बगाया लागल्या. मला वाटलं, तुमीच उभं ऱ्हाऊन वाचला तर तुमच्यावरचा वहीम बायांच्या मनातनं जाईल. आपलाच निनावी अर्ज आपल्या तोंडानं कोन वाचतं?"

ती खाली बघत कागद सरळ करत होती. मग म्हणाली, "आन त्यात खोटं काय हुतं? एक वळ खोटी न्हवती. नाव घालाया पायजे हुतं, बाई. माज्याकडं आला असता तर म्याबी खाली अंगठा दिला असता."

खरं लिहायचं तर लिहिते. मला तिचा हेवा वाटला. आजवर मंडळाचा वाटत होता, बायकांचा, आक्कांच्या हसण्याचा वाटत होता. आज तिच्या मनाचाच वाटला. तिच्या जागी मी असते तर तो कागद गावभर फडकवला असता. आणि ही उन्हात उभी राहून माझीच समजूत काढत होती. तिच्या कपाळावरचा घाम नाकावर आला होता, मला दिसत होता. पाठीमागे सोपा गार होता. सोप्यात घोंगडी अंथरलेली होती. यादी लिहायची तर तिथेच बसून लिहावी लागणार, तिने नावं सांगायची आणि मी लिहायची, हे मला कळत होतं. पायऱ्या तीनच आहेत. बावीस वर्षं मी ह्या घरात आहे, पण त्या पायऱ्यांवरून तिच्या वस्तीचं माणूस वर आलेलं मी बघितलेलं नाही. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे काय म्हणतील, गोजरबाईला कळलं तर, असं सगळं एका क्षणात मनात आलं, आणि ते बाजूला सारून मी तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात आतून आक्कांचा आवाज आला.

"छबू, उन्हात काय हुबी ऱ्हायलीस? आत ये की."

ती माझ्याकडे बघून थांबली. मी बाजूला झाले. ती वर आली, घोंगडीवर बसली, आक्कांनी तिला आपल्या तांब्यातून पाणी दिलं. मी दौत घेऊन आले आणि दिवे लागेपर्यंत आम्ही सत्त्याऐंशी नावं लिहिली. अठ्ठ्याऐंशीवं माझं घातलं.

पण आत ये असं मीच म्हणणार होते. शब्द अगदी ओठावर आला होता. देवाशपथ सांगते. आक्कांना एवढी काय घाई झाली होती?